आळशीण अकराला डोळे उघडते

पुंजाजींचं म्हणणं साधं होतं. कामरगावापासून मंगरूळपीरपर्यंत रानफुलांतलं ज्याला काही कळतं असा माणूस एकच, आणि तो रोज सकाळी दाढी करताना त्यांना आरशात भेटतो. कोणी विचारलं तर ते हे सांगत. कोणी विचारलं नाही तर आधी सांगत.

एकतीस वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून काचेच्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला फुलांतलं कुठून कळणार, असं तुम्ही म्हणाल. पण निवृत्त झाल्यावर माणसाला काहीतरी कळावंच लागतं. कुणाला होमिओपॅथी कळते, कुणाला राजकारण. पुंजाजींना फुलं कळू लागली. पोरानं त्याचा जुना फोन दिला होता, त्यात फुलाचा फोटो काढला की नाव सांगणारं अ‍ॅप होतं. रानात रेंज नसली की पुंजाजींचं ज्ञान जरा उशिरानं धावायचं, एवढंच. आणि आवाज अजून माईकवरचा. घराच्या मागच्या रुईलासुद्धा फूल आलं की ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर करत, जणू ती रुई थोड्याच वेळात कारंज्याला सुटणार आहे.

या सगळ्यावर घरात एकच माणूस हसत असे. त्यांची बायको, सोजरबाई.

सोजरबाई म्हणजे निंदणातली राणी. पंचक्रोशीत कुणाच्या वावरात तण माजलं की सोजरबाईला निरोप जायचा, आणि ती पंधरा बायांची टोळी घेऊन उतरली की दुपारपर्यंत तिथं पिकाशिवाय दुसरं हिरवं दिसायचं नाही. पुंजाजींच्या ज्ञानाविषयी तिचं मत लग्नाच्या पहिल्याच वर्षी पक्कं झालं होतं. नवऱ्याला हौसेनं वावरात नेलं, पिकाची एक ओळ, एक पात, निंदायला दिली, आणि या गृहस्थानं गाजरगवत जपून ठेवून तूर उपटली. अख्खी पात! त्याला आता अडतीस वर्षं झाली. पण लग्न असो, बारसं असो, की कुणाची तेरवी असो, विषय कुठूनही निघाला तरी तुरीवर येऊन थांबायचा. पुंजाजींनी फुलांचा नाद खरा धरला तो या तुरीपायी, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

तर यंदाच्या फाल्गुनात ती तूर कायमची गाडायची संधी चालून आली.

धनजच्या पलीकडे वनखात्याचं एक राखीव रान आहे. तिथं अमरावतीच्या कॉलेजातल्या रुचिका मॅडम दोन वर्षांपासून कसल्याशा फुलाचा अभ्यास करत होत्या. त्यांच्या डोक्यातून वसंतातल्या रानफुलांची पदयात्रा निघाली, आणि तिथले वनरक्षक मोहनसिंग यांनी ती जमवायचं काम पुंजाजींवर टाकलं. अटी दोनच. माणसं किमान वीस पाहिजेत, आणि मॅडमचं समाधान झालं पाहिजे. ते झालं की गावातल्या एका जाणकार माणसाला 'निसर्ग मार्गदर्शक' असा पितळी बिल्ला मिळणार होता. बिल्ला मोहनसिंगच्या कपाटात तयारच होता.

पुंजाजींनी दुसऱ्याच दिवशी खाकी शर्ट शिवायला टाकला. खिशाच्या वर एक जादा पट्टी शिवून घेतली. शिंप्यानं विचारलं हे कायले, तर म्हणाले, दिसेल.

रविवारची पदयात्रा. शनिवारी संध्याकाळपर्यंत कारंज्याहून वीस नावं आली होती, आणि शनिवारी रात्री आठपर्यंत त्यातली सोळा गेली. कुणाच्या मेव्हणीचा साखरपुडा निघाला, कुणाची कंबर धरली, आणि एकाच घरातल्या सहा जणांना एकाच वेळी जुलाब लागले. राहिले चौघं. पुंजाजी शर्टाच्या पट्टीकडे बघत बसून राहिले. बिल्ला गेला असता तर गेला असता, पण सोजरबाईनं कुणाच्या तरी तेरवीत तुरीच्या जोडीला हीही गोष्ट सांगितली असती.

शेवटी ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि उद्या तिची टोळी रिकामी आहे का, असं विचारलं. टोळी रिकामीच होती. हरभरा निघाला होता आणि गहू सोंगायला अजून आठ दिवस होते.

"काम काय हाये?" सोजरबाईनं विचारलं.

"काम काही नाही. फुलं पाहाची."

"अन्?"

"अन् काही नाही. जीपनं न्यायचं, पोहे खायचे, फुलं पाहाची, जीपनं वापस."

सोजरबाई हो म्हणाली, पण तिचा विश्वास बसला नाही. तिनं बायांना निरोप दिला तेव्हा बायांचाही बसला नाही. सोळा बायांना कोणी जीप पाठवून नेतं, वर पोहे खाऊ घालतं आणि काम सांगत नाही, असं या तालुक्यात आजवर घडलेलं नव्हतं. धनीबाई टोळीत सगळ्यांत अनुभवी. तिनं निदान केलं की काम नक्की आहे, पण पुंजाजीभाऊ सांगायला लाजून राह्यले. तेव्हा सकाळी दोन जीपांमध्ये चढताना प्रत्येकीच्या पिशवीत पाण्याची बाटली, भाकरीचं गाठोडं, आणि फडक्यात गुंडाळलेलं खुरपं होतं.

फाटकावर मोहनसिंगच्या घरून आलेले पोहे झाले. सोबत शेव होती, लिंबू होतं, वर चहा. बायांनी पोटभर खाल्लं आणि त्याबरोबर त्यांच्या मनावर ओझं चढलं. ज्याचा घास खाल्ला त्याचं काम करायचं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. हे पोहे मॅडमच्या पैशाचे आहेत हेही त्यांनी विचारून घेतलं. मग मॅडमनं सूचना दिल्या. फूल तोडायचं नाही, फांदी मोडायची नाही, कचरा टाकायचा नाही. बायांनी माना डोलावल्या. फूल तोडायचा त्यांना तसाही शौक नव्हता.

आणि पुंजाजी सुटले.

"डाव्या हाताला पळस लागलेला आहे! सर्व मंडळींनी कृपया डाव्या हाताला पाहावे!"

चौघा कारंजेकरांनी फोन काढले. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. पळस काय पाहायचा, तो तर प्रत्येकीच्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर होता. पुढं काटेसावर लागली, मग पांगारा लागला, मग एका फुलाला अ‍ॅपनं 'कदाचित बटाटा' असं नाव दिलं आणि पुंजाजींनी फोन घाईनं खिशात घातला. मागं बायांमध्ये बेबीबाईच्या सुनेचा विषय रंगात आला होता, आणि त्यातलं हसू पुंजाजींच्या घोषणेच्या नेमकं मधे मधे यायचं. एका नियंत्रकाला हे सहन होण्यासारखं नव्हतं.

पाणवठ्याशी आल्यावर मॅडम थांबल्या. तिथं ओलीवर हिरवळ होती आणि त्यात मॅडमनं खुंट्या ठोकून, दोरी ताणून एकसारख्या सोळा चौकटी आखल्या होत्या. मॅडमच्या अभ्यासाचं फूल इथंच होतं, अख्ख्या भागात फक्त इथं. अकराला ऊन चढलं की ते उमलणार होतं, आणि मग मॅडम चौकटीगणिक मोजणी करणार होत्या. हे सगळं त्यांनी हळू आवाजात पुंजाजींना सांगितलं. पुंजाजींनी ते बायांना सांगितलं नाही. त्यांना अकरा वाजता ते माईकच्या आवाजात जाहीर करायचं होतं, म्हणजे सोजरबाईच्या डोळ्यांदेखत फूल उमलेल आणि तूर मरेल.

आता वाजले होते नऊ. वरच्या टेकाडावर पांढरा पळस आहे असा पुंजाजींचा दावा होता. तो दुर्मीळ असतो, म्हणून मॅडम निघाल्या, मॅडम निघाल्या म्हणून मोहनसिंग निघाले आणि मागोमाग कारंजेकर. बेबीबाईचे गुडघे दुखत होते. पुंजाजींना निमित्तच पाहिजे होतं.

"तुमी साऱ्याजणी अठीच थांबा," ते सोजरबाईला म्हणाले. "मॅडमच्या ह्या चौकटी हायेत, यायच्याकडे ध्यान ठेवा. आमी अकराला येतो."

पांढरा पळस गाठायला पाऊण तास लागला. जवळ गेल्यावर तो साधाच पळस निघाला आणि पांढरं होतं ते फांदीला अडकलेलं खताचं पोतं. पुंजाजी म्हणाले, पोत्याच्या मागं असेल. मोहनसिंगनं झाडावर चढून पोतं काढलं. मागं काही नव्हतं.

इकडे पाणवठ्यावर सोळा बाया सोळा चौकटींकडे ध्यान ठेवून बसल्या होत्या. अर्धा तास त्यांनी ध्यान ठेवलं. मग रिकाम्या हातांना मुंग्या येऊ लागल्या.

धनीबाईनं पहिल्यांदा तोंड उघडलं. ती म्हणाली की पोरगी बिचारी एकटी, वावर एवढंसं, त्यातही हे एवढं तण, आणि करून काय राह्यली तर वहीत लिहून राह्यली. बेबीबाईला तर भरूनच आलं. बाई शिकलेली असली तरी हाताखाली माणूस नाही, असं तिचं म्हणणं पडलं. सोजरबाईनं चौकटी मोजल्या. सोळा. बाया मोजल्या. सोळा. आता याहून स्पष्ट कसं सांगणार! दोरी लावून, एकीला एक अशा पाती पाडून ठेवलेल्या, आणि आपला नवरा म्हणतो काम काही नाही. त्याला काम सांगायची लाज वाटली असणार, तेवढा तो भिडस्त आहेच.

खुरपी बाहेर आली.

पावणेअकराला पुंजाजी टेकाडावरून उतरले. पोत्याचा अपमान मागं टाकून त्यांनी आवाज लावला. "मंडळी, थोड्याच वेळात उजव्या हाताला..." आणि उजव्या हाताला पाहून त्यांचा आवाज बसला.

सोळाच्या सोळा चौकटी अंगणासारख्या लख्ख होत्या. काळी माती मोकळी करून वर सारखी केलेली. एक काडी नाही. बाजूला उपटलेल्या हिरव्याचे ढीग लावलेले, आणि सोळा बाया पाणवठ्यावर हात धूत, काम फत्ते झाल्याच्या समाधानात बसलेल्या. सोजरबाईनं नवऱ्याकडे जरा कौतुकानंच पाहिलं. अडतीस वर्षांत यानं पहिल्यांदा चांगलं काम मिळवून आणलं होतं.

रुचिका मॅडम खालीच बसल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर पुंजाजींना बरं वाटलं असतं. त्यांनी वही उघडली, मिटली आणि म्हणाल्या, "दोन वर्षं." डोळ्यांत पाणी आलं. पुंजाजींना वाटलं, धरणीमाय, पोटात घे. एका पोरीची दोन वर्षं आपल्या मिरवण्यापायी मातीत गेली. बिल्ल्याचा त्यांना त्या क्षणी अगदी विसर पडला.

मोहनसिंगनं बायांना दरडावलं की फूल तोडायचं नाही असं फाटकावर सांगितलं होतं ना. धनीबाई उसळली.

"फूल कोनं तोडलं? येका फुलाले हात लावला नाही आमी. तन काढलं!"

आणि ते खरंच होतं. अकराच्या आधी तिथं एकही फूल नव्हतं.

सोजरबाई मात्र उठून मॅडमजवळ गेली. पोरगी तणासाठी कायले रडून राह्यली, ते तिला कळेना. मॅडमनं डोळे पुसत पुसत सांगितलं. हे तण नाही, फूल आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी आहेत की या भागात हे जिथं तिथं होतं. आता फक्त या पाणवठ्यावर उरलं. ते कशानं नाहीसं झालं, हवा बदलली की माती की पाणी, हाच त्यांचा अभ्यास होता आणि दोन वर्षांत उत्तर सापडलेलं नव्हतं.

सोजरबाईनं ढिगातलं एक रोप उचललं, मुळाकडून पाहिलं, आणि अगदी सरळपणानं म्हणाली, "हे? हे त आळशीण होय. अकरा वाजल्याबिगर डोये उघडत नाही मनून आळशीण. हरभऱ्यात लय माजे. थे आमीच उपटलं, माय. तीस वर्सं झाले, उपटूनच राह्यलो."

मॅडम तिच्याकडे पाहतच राहिल्या. मग सोळा खुरप्यांकडे पाहिलं. मग त्यांना हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. हवा नाही, माती नाही, पाणी नाही. दोन वर्षं ज्याला शोधत होत्या ते कारण समोर ओळीनं बसून हात धूत होतं, आणि त्याला त्यांनीच पोहे खाऊ घातले होते!

"रडू नको अन् हसूही नको," सोजरबाई म्हणाली. "उपटलेलं लावता येते. मुया शाबूत हायेत."

तेव्हा सगळ्यांचं ढिगांकडे लक्ष गेलं. बायांनी सवयीप्रमाणे निवडून ठेवलं होतं. घोळ आणि चिवळ भाजीला वेगळी, केना आणि हरळी बकरीला वेगळी, माका धनीबाईच्या केसांना वेगळा आणि निरुपयोगी म्हणून आळशीण वेगळी. तीही चौकटीगणिक, कारण कुणी किती काढलं यावरून मागाहून भांडणं होतात. मॅडमची मोजणी ढिगांवरच झाली. पुंजाजी मदतीला फोन घेऊन पुढं आले, पण रेंज नव्हती. सोजरबाई काडी उचलून नाव सांगायची, मॅडम लिहायच्या. बावीस जाती निघाल्या. त्यातल्या पाच मॅडमच्या वहीत नव्हत्याच.

मग डब्यांच्या झाकणांनी पाणी आणून लावणी सुरू झाली. कांद्याचं रोप लावणारे हात ते, अर्ध्या तासात सोळा चौकटी भरल्या. ऊन चढलं. काही रोपांनी माना टाकल्या, पण बाकीच्यांनी त्या दिवशी उशिरानं, साडेबाराच्या सुमाराला हळूहळू डोळे उघडले. बारीक, जांभळी, फार गोड फुलं. आणि मॅडमनं पुन्हा कपाळाला हात लावला.

फुलं एका ओळीत होती. दोन रोपांत वीतभर अंतर, दोन ओळींत हातभर, आणि कडेनं पाणी द्यायला दांड. माणसाचा हात न लागलेलं दुर्मीळ रानफूल असं वहीत लिहिलेलं होतं, आणि समोर कांद्याची वाडी फुलली होती. मोहनसिंग घाम पुसत म्हणाले, "सायेबानं पाह्यलं त पयले विचारन, जंगलात हे शेती कोनं केली."

कारंजेकरांनी मात्र सगळ्यांत जास्त फोटो याचेच काढले.

निघताना फाटकावर मोहनसिंगनं कपाटातून बिल्ला आणला. पुंजाजी एवढं सगळं होऊनही नकळत ताठ झाले, पट्टी पुढं आली. मॅडमनं बिल्ला हातात घेतला आणि पट्टीसमोरून पुढं जाऊन तो सोजरबाईच्या पदराला लावला. वर अटही घातली. पुढच्या वेळी खुरपं आणायचं नाही, आणि कुठल्या कुठल्या धुऱ्यावर आळशीण अजून उरली आहे ते दाखवायचं आणि तेवढा तुकडा राखायचा. सोजरबाईनं विचार करून हो म्हटलं. पण वावरातलं काढीन, धुऱ्यावरचं ठेवीन, एवढं तिनं स्पष्ट केलं.

परतीच्या जीपमध्ये पुंजाजी सोजरबाईच्या शेजारी बसले होते. वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगा. पण आत कुठंतरी एक समाधानही होतं. कामरगावची वेस दिसल्यावर त्यांनी ते बोलून दाखवलं. आज तूही नको ते उपटलं, तवा आता तुरीचा विषय बंद, फिटंफाट झाली.

सोजरबाईनं खिडकीबाहेर पाहत उत्तर दिलं. "मी उपटलं थे लावून देल्लं. तुमची तूर आजून लावाची हाये."

मागच्या जीपमधल्या बायांना ते ऐकू गेलं नव्हतं. धनीबाईनं जीप थांबल्यावर जाऊन सांगितलं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी पुंजाजी ओट्यावर बसले होते. सोजरबाई बाहेर आली. पदराला बिल्ला होता. पदर घसरत नाही आता, एवढंच तिला त्याचं कौतुक. मॅडमचा फोन आला होता. ओळीत फुलणारं रानफूल पाहायला कारंज्याहून मंडळी येणार होती, माणसं जमवायचं काम आता सोजरबाईकडे होतं आणि भरली होती एकोणीस.

"येक मानूस कमी पडून राह्यला," ती म्हणाली. "येता काय?"

पुंजाजींनी जरा मान राखून विचारलं, "काम काय हाये?"

"काम काही नाही. फुलं पाहाची."

पुंजाजी हो म्हणाले. मग ती आत गेल्यावर उठले, कोपऱ्यातलं खुरपं फडक्यात गुंडाळलं आणि गुपचूप पिशवीत तळाशी ठेवलं.